संगणक बदलला, घरच्या हिशेबाचे काय?

दुकानाचा हिशेब आपण सारे ठेवतो. जीएसटीचे विवरण भरावयाचे असते, बँकेला कागद द्यावे लागतात, करसल्लागार मागे लागलेले असतात, म्हणून तो ठेवावाच लागतो. घरचा हिशेब मात्र कोणी मागत नाही. तो डोक्यात असतो, खिशातल्या चिठ्ठीवर असतो, किंवा अलीकडे संगणकातल्या एखाद्या प्रोग्राममध्ये असतो. मीही सुमारे पंधरा वर्षे तो संगणकात ठेवीत आलो, आणि त्याबद्दल मनात थोडा अभिमानही होता. मागच्या हिवाळ्यात तो उतरला. तो कसा उतरला आणि त्यातून काय शिकलो, हे व्यापारी व कारागीर बांधवांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० ची नियमित देखभाल थांबविली. संगणक त्या दिवशी बंद पडले नाहीत, पण सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या मिळणे संपले. घरगुती ग्राहकांसाठी एका वर्षाच्या जादा मुदतीची सोय ठेवली गेली, ती ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. विंडोज ११ घ्यावे तर त्याला 'टीपीएम २.०' नावाची सुरक्षा-सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. आमच्या घरचा संगणक त्यात बसत नव्हता. दुकानातला संगणक तसाच ठेवला आणि घरच्या संगणकावर मुलाने लिनक्स मिंट ही मोफत मिळणारी प्रणाली बसवून दिली. "अब्बा, तुमच्या सगळ्या फायली पेनड्राइव्हवर घेतल्या आहेत," असे तो म्हणाला. मी निश्चिंत झालो.

काही आठवड्यांनी आमच्या आपा आल्या. त्या माझ्या मोठ्या भगिनी. २०१४ साली त्यांच्या पतीचे निधन झाले, तेव्हा मिळालेल्या रकमेपैकी ४,५०,००० रुपये त्यांनी माझ्याकडे अमानत म्हणून ठेवले होते. मुलांची फी, एक लग्न, एक शस्त्रक्रिया अशा कामांसाठी त्या थोडे थोडे घेत गेल्या. त्या दिवशी त्यांनी सहज विचारले, "भाई, माझी रक्कम आता किती उरली आहे?"

मी संगणक सुरू केला. फाईल पेनड्राइव्हवर होती, पण ती उघडणारा प्रोग्राम नव्हता. तो फक्त विंडोजवर चालणारा होता. दुकानातल्या संगणकावर तो नव्याने बसवून पाहिला, तर त्याने परवान्याची खात्री करून मागितली, आणि ती खात्री करून देणारी कंपनीची यंत्रणा कधीच बंद झाली होती. कागदावरच्या छापील प्रती शोधल्या, त्या २०१९ च्या मार्चपर्यंतच्याच निघाल्या. बँकेचे पासबुक होते, पण हातात दिलेली रोख त्यात कशी सापडणार? ज्याच्यावर विश्वास ठेवून बहिणीने रक्कम ठेवली, त्या भावाला उरलेला आकडा सांगता येईना. चूक कोणाची, हे मी कंपनीला विचारण्यात वेळ घालविला नाही. ती माझीच होती.

आपांनी पिशवीतून दोनशे पानी वही काढली. उर्दूत, बारीक अक्षरात, तारीखवार प्रत्येक रक्कम लिहिलेली. त्यांच्या हिशेबाने शिल्लक १,३८,००० रुपये होती. पुढे मालेगावला माझ्या साडूंच्या दुकानात तोच जुना प्रोग्राम असलेला एक संगणक अजून चालू असल्याचे कळले. फाईल तेथे उघडली. तिच्यात शिल्लक १,४१,००० निघाली. ३,००० चा फरक मी एकदा हातात दिलेल्या रोख रकमेचा होता. मी ती नोंद करावयास विसरलो होतो आणि आपांनी ती स्वतःच्या नावे लिहून ठेवली होती.

वहीला ना परवाना लागला, ना विंडोज. यावरून संगणक सोडून पुन्हा वहीकडे वळा, असे मला म्हणावयाचे नाही. म्हणावयाचे ते एवढेच की, हिशेबाचा प्रोग्राम निवडताना आपण त्यात नोंदी किती सोप्या रीतीने आत जातात ते पाहतो. त्या बाहेर कशा येतील, हे आधी पाहिले पाहिजे.

फाईल असून हिशेब का मिळत नाही?

आपली जुनी कीर्द आणि खतावणी ज्याला वाचता येते त्याला उघडता येते. संगणकातल्या हिशेबाचे तसे नसते. त्याला तीन कुलपे असतात.

पहिले कुलूप फाईलच्या बांधणीचे. बहुतेक कंपन्या आपल्या प्रोग्रामची फाईल स्वतःच्या खास पद्धतीने लिहितात. दुसऱ्या प्रोग्रामला ती वाचता येत नाही.

दुसरे कुलूप संगणकाच्या प्रणालीचे. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तीन वेगवेगळ्या प्रणाली आहेत. एकीसाठी लिहिलेला प्रोग्राम दुसरीवर आपोआप चालत नाही.

तिसरे कुलूप परवान्याचे. प्रोग्राम आपण विकत घेतो असे वाटते, पण कित्येकदा आपल्याला फक्त वापरण्याची परवानगी मिळालेली असते. देणाऱ्याने दुकान बंद केले की परवानगीही अडकते.

हे केवळ लहान कंपन्यांच्या बाबतीत घडते असे समजू नये. घरगुती हिशेबासाठी मायक्रोसॉफ्टने १९९१ साली 'मनी' नावाचा प्रोग्राम काढला होता. २००९ मध्ये त्याची विक्री थांबली. २०१० मध्ये परवान्याची खात्री न मागणारी एक मोफत आवृत्ती देऊन कंपनीने जुन्या ग्राहकांची सोय केली, पण पुढचे काम संपले. अमेरिकेत 'क्विकन' हा प्रोग्राम फार चालतो. मॅक संगणकासाठी त्याची २००७ ची आवृत्ती होती. २०११ च्या जुलैमध्ये ॲपल कंपनीची 'लायन' ही नवी प्रणाली आली आणि तिच्यावर ती आवृत्ती चालेना. त्यावर चालणारी दुरुस्त आवृत्ती २०१२ च्या मार्चमध्ये निघाली. म्हणजे संगणकाची कंपनी तीच, प्रोग्रामची कंपनी तीच, फक्त प्रणाली पुढे गेली आणि लोकांच्या वह्या काही महिने बंद राहिल्या. आपल्याकडे 'क्विकबुक्स' या व्यापारी हिशेबाच्या प्रोग्रामने २०२३ मध्ये भारतातली सेवा बंद केली. ज्यांचा हिशेब त्यात होता त्यांना तो काढून घेऊन दुसरीकडे जावे लागले.

यात कोणा कंपनीला दोष देण्याचे कारण नाही. व्यापार आहे; परवडेनासा झाला की दुकानदार शटर ओढतो. आपणही तेच करतो. फक्त आपला माल त्याच्या गोदामात अडकू नये, ही काळजी आपली आहे.

टॅलीत घरचा हिशेब ठेवावा काय?

हा प्रश्न पहिल्यांदा येतो, कारण टॅली आपल्या ओळखीचे आहे. १९८६ साली श्यामसुंदर गोएंका आणि त्यांचे पुत्र भरत गोएंका यांनी ही कंपनी सुरू केली. वडिलांचा धंदा कारखान्यांना आणि कापड गिरण्यांना कच्चा माल व यंत्रांचे भाग पुरविण्याचा होता. हिशेबासाठी मनासारखा प्रोग्राम मिळेना म्हणून त्यांनी मुलाला तो लिहावयास सांगितले. एका अर्थाने टॅलीचा जन्म आपल्याच धंद्याच्या गरजेतून झाला. डॉसवर चालणारा तो प्रोग्राम पुढे विंडोजवर आला, २००९ मध्ये टॅली ईआरपी ९ आणि २०२० मध्ये टॅलीप्राइम झाला.

दुकानासाठी टॅली उत्तम. जीएसटी, बिले, मालसाठा, करसल्लागाराची सवय, सगळे जुळते. पण ते विंडोजवर चालते. घरच्या संगणकाची प्रणाली बदलली तर ते तेथे सहज नेता येत नाही. शिवाय मोठी अडचण वेगळीच आहे. दुकान आणि घर एकाच जागी लिहिले की दोन्हींचा हिशेब बिघडतो. गल्ल्यातून घरच्या किराण्याचे पैसे काढले आणि ते दुकानाच्या खर्चात गेले, तर धंद्याचा नफा कमी दिसतो. मुलीच्या लग्नासाठी साठविलेली रक्कम दुकानाच्या खात्यात दिसली, तर धंद्यात भांडवल जास्त असल्याचा भास होतो आणि त्या जोरावर मालाची जादा मागणी दिली जाते. हंगामात असे किती जण फसले आहेत, हे आपण आजूबाजूला पाहतोच.

म्हणून माझा सल्ला असा : दुकानाचा हिशेब दुकानातल्या संगणकावर, टॅलीत किंवा आपण जे वापरता त्यात राहू द्या. त्याची प्रणाली घाईने बदलू नका. घराचा हिशेब वेगळा ठेवा. दोघांमध्ये एकच दुवा असू द्या : दुकानाच्या हिशेबात 'मालकाची उचल', आणि घरच्या हिशेबात तीच रक्कम 'दुकानातून आवक'. महिन्याच्या शेवटी हे दोन आकडे जुळले पाहिजेत.

निवडीपूर्वी विचारावयाचे सहा प्रश्न

१. नोंदी साध्या रूपात बाहेर काढता येतात काय? 'सीएसव्ही' नावाची एक साधी फाईल असते. तिच्यात तारीख, तपशील आणि रक्कम ओळीने लिहिलेली असतात, मधे स्वल्पविराम असतो. ती एक्सेलमध्ये किंवा मोफत मिळणाऱ्या लिब्रेऑफिसमध्ये उघडते. दुसरे काही नसले तरी साध्या मजकुराप्रमाणे वाचता येते. हिशेबाच्या प्रोग्रामांमध्ये देवाणघेवाणीसाठी 'क्यूआयएफ' आणि 'ओएफएक्स' या फायलीही चालतात. यांपैकी काहीच बाहेर निघत नसेल तर तो प्रोग्राम कितीही देखणा असला तरी घेऊ नये.

२. तो एकाहून अधिक प्रणालींवर चालतो काय? आज लिनक्स आहे, उद्या मुलगा मॅक आणील, परवा पुन्हा विंडोज येईल. फाईल तीच राहून तिन्हीकडे उघडली पाहिजे.

३. इंटरनेट नसताना तो उघडतो काय? वर्गणी भरण्याचे राहिले तर जुन्या नोंदी निदान पाहता येतात काय?

४. देणे आणि अमानत वेगळी दाखविता येते काय? पुष्कळ मोबाइल ॲपमध्ये फक्त 'आवक' आणि 'खर्च' असे दोनच कप्पे असतात. अमानतीची रक्कम आवक म्हणून दाखविली गेली की ती आपलीच वाटू लागते.

५. मराठी किंवा उर्दू अक्षरे नीट लिहिता, शोधता आणि छापता येतात काय?

६. पासवर्डची सोय आहे काय, आणि आपल्या पश्चात घरातले कोणी तो हिशेब उघडू शकेल काय?

किंमत आणि दिसणे हे प्रश्न यांच्यानंतर येतात.

काय काय उपलब्ध आहे?

या प्रश्नांच्या चाळणीतून मी तीन-चार प्रोग्राम पाहिले. सगळे मोफत आहेत आणि त्यांची मूळ संहिता कोणालाही पाहता येते. याचा व्यवहारातला अर्थ असा की, एकाने काम सोडले तरी दुसऱ्याला ते पुढे चालविता येते, आणि फाईलची बांधणी गुप्त राहत नाही.

'होमबँक' हा सर्वांत सोपा. बँक खाते, रोख, खर्चाचे प्रकार आणि मासिक अंदाजपत्रक एवढेच ज्यांना हवे, त्या नोकरदार माणसांना किंवा नुकता हिशेब सुरू करणाऱ्या घराला तो पुरेसा आहे. देणे-घेणे फार असणाऱ्या व्यापाऱ्याला तो अपुरा पडतो.

'मनी मॅनेजर ईएक्स' विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालतो, आणि अँड्रॉइड मोबाइलसाठीही त्याची आवृत्ती आहे. फाईलला पासवर्ड लावता येतो. ज्यांना मोबाइलवरच नोंद करावयाची सवय आहे त्यांनी तो पाहावा.

'केमायमनी' दिसावयास व्यवस्थित आहे, बँक खात्याशी ताळमेळ घालण्याची सोय चांगली आहे, आणि फाईल सांकेतिक करून ठेवता येते.

'ग्नूकॅश' हा मी शेवटी घेतला. त्याचे काम १९९७ मध्ये सुरू झाले आणि पहिली स्थिर आवृत्ती १९९८ मध्ये निघाली. जन्म लिनक्सवरचा, पण २००७ पासून विंडोजवरही चालतो, मॅकवरही चालतो. घरी लिनक्सवर लिहिलेली फाईल मी दुकानातल्या विंडोजवर उघडून पाहिली, काहीच बदलावे लागले नाही. त्याची पद्धत दुहेरी नोंदीची, म्हणजे आपल्या जमा-नावेची आहे. ज्याने टॅली किंवा हाताची खतावणी पाहिली आहे, त्याला तो तासाभरात समजतो. उर्दू शाळेत शिकलेल्या माझ्यासारख्याला आनंदाची गोष्ट अशी की, त्यात मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांचा अनुवाद आहे. काही शब्द इंग्रजीतच राहतात, पण अडत नाही.

त्याचे दोषही सांगितले पाहिजेत. फाईलला स्वतःचा पासवर्ड लावण्याची सोय त्यात नाही. संगणकालाच पासवर्ड लावावा लागतो किंवा फाईल कुलूपबंद फोल्डरमध्ये ठेवावी लागते. जीएसटीचे विवरण तो आपल्या नमुन्यात तयार करून देत नाही, म्हणून दुकानासाठी तो टॅलीची जागा घेणार नाही. आणि पहिल्या दिवशी खाती मांडावयास थोडे बसावे लागते. हे बसणे ज्यांना नको, त्यांनी वरच्या तिघांपैकी एखादा घ्यावा. न वापरलेल्या चांगल्या प्रोग्रामपेक्षा रोज वापरलेला साधा प्रोग्राम बरा.

अमानतीची नोंद कशी करावी?

ग्नूकॅशमध्ये खाती पाच जातींची असतात : मालमत्ता, देणे, आवक, खर्च आणि भांडवल. प्रत्येक व्यवहार निदान दोन खात्यांत जातो. उदाहरण आमच्याच घरचे घेऊ.

आपांनी ४,५०,००० रुपये दिले तेव्हा 'बँक' हे मालमत्ता खाते तेवढ्याने नावे पडले, आणि 'अमानत, आपा' हे देणे खाते तेवढ्याने जमा झाले. बँकेतली रक्कम वाढली, पण देणेही तेवढेच वाढले. माझी स्वतःची दौलत एका रुपयानेही वाढली नाही, आणि प्रोग्राम तसेच दाखवितो. पुढे त्यांनी १२,००० रुपये घेतले, तर 'अमानत, आपा' नावे १२,००० आणि 'बँक' किंवा 'रोख' जमा १२,०००. देणे तेवढे उतरले. खर्चाच्या खात्याचा येथे संबंधच येत नाही, कारण हा माझा खर्च नव्हे.

भावाला दिलेली उसनवार रक्कम, कारागिराला दिलेली उचल, बिशीत भरलेले हप्ते, हे सारे 'येणे' म्हणून मालमत्तेत जाते. मेहरची रक्कम बाकी असेल तर ती देण्यात लिहावी. पुष्कळ घरांत ती कोठेच लिहिलेली नसते. माणूस गेल्यावर वारसांत वाटणी होण्याआधी त्याचे कर्ज फेडले जाते, हे आपण जाणतो. पण कर्ज किती, हे लिहिलेलेच नसेल तर वारसांनी काय फेडावे? कर्जाचा व्यवहार लिहून ठेवा आणि साक्षीदार घ्या, ही शिकवण आपल्याला नवी नाही. लिहिलेले वाचता आले पाहिजे, एवढी भर संगणकाच्या काळाने घातली आहे.

जकातीचे साल आणि संगणकाचे साल

येथे प्रोग्राम निवडताना आपल्या घराची एक वेगळी गरज आहे. हे प्रोग्राम जानेवारी ते डिसेंबर किंवा एप्रिल ते मार्च असे वर्ष धरतात. जकातीचे साल चांद्र, म्हणजे सुमारे ३५४ दिवसांचे. दोन्हींत दरवर्षी ११ दिवसांचा फरक पडतो. इंग्रजी तारखेनेच दरवर्षी हिशेब करीत राहिले तर सुमारे ३३ वर्षांत चांद्र साले ३४ होतात, म्हणजे एका सालाची जकात बाजूला राहून जाते.

म्हणून प्रोग्राम असा हवा की, आपण सांगू त्या एका तारखेची शिल्लक तो दाखवील. ग्नूकॅशच्या ताळेबंदात तारीख आपल्याला टाकता येते. आपली जकातीची चांद्र तारीख यंदा इंग्रजी कोणत्या दिवशी येते ते पाहावे आणि त्या दिवसाचा ताळेबंद काढून छापावा. रोख, बँक, सोने, येणे, मालाची किंमत आणि देणे एका कागदावर येतात. दुकानातल्या मालाची किंमत कशी धरावी, बुडीत उधारीचे काय, कोणते देणे वजा करावे, हे प्रश्न प्रोग्रामचे नाहीत. ते आपल्या आलिमांना विचारावेत. त्यांच्यापुढे नेण्यासाठी आकडे तयार असावेत, एवढेच संगणकाचे काम. बचत खात्यावर बँकेने टाकलेल्या व्याजासाठीही एक वेगळे खाते मांडून ठेवावे, म्हणजे ती रक्कम घरखर्चात मिसळत नाही.

जुना हिशेब नव्या जागी नेताना

घर बदलताना आपण आधी सामानाची यादी करतो, मग टेम्पो बोलावितो. येथेही क्रम तोच ठेवावा.

जुना संगणक चालू असतानाच सर्व खात्यांची अखेरची शिल्लक, म्हणजे तेरीज, छापून घ्यावी. प्रत्येक खात्याचा पूर्ण उतारा पीडीएफ करून ठेवावा. मग सीएसव्ही किंवा क्यूआयएफ फाईल काढावी. जुना संगणक पुसून टाकणे, विकणे किंवा भंगारात देणे हे सर्वांत शेवटी. मी हे उलट्या क्रमाने केले आणि मालेगावला जावे लागले.

नव्या प्रोग्राममध्ये आधी एकच लहान खाते आणून पाहावे. तेथे चार ठिकाणी हमखास गडबड होते. पहिली तारखेची : ०४/०३ म्हणजे आपल्याकडे ४ मार्च, अमेरिकी पद्धतीने ३ एप्रिल. आणताना दिवस-महिना-वर्ष हा क्रम निवडावा. दुसरी रकमेची : १,५०,००० मधले स्वल्पविराम सीएसव्हीत रकाना तोडू शकतात, म्हणून ते आधी काढून १५०००० असे करावे. तिसरी जमा-नावेची : एखाद्या खात्याची चिन्हे उलटी येतात आणि देणे हे येणे होऊन बसते. चौथी अक्षरांची : जुन्या काळच्या खास मराठी फॉन्टमध्ये किंवा उर्दूच्या इनपेजमध्ये लिहिलेली नावे युनिकोडमध्ये नसतात, त्यामुळे नव्या ठिकाणी ती अगम्य चिन्हे होतात. अशी नावे युनिकोडमध्ये बदलून घ्यावी किंवा पुन्हा लिहावी लागतात; फाईल साठविताना 'यूटीएफ-८' हा पर्याय निवडला तर पुढे हा त्रास होत नाही.

आणल्यानंतर तीन वेगवेगळ्या तारखांची शिल्लक जुन्या छापील उताऱ्याशी ताडून पाहावी. फक्त अखेरची जुळली म्हणून समाधान मानू नये. दोन चुका एकमेकींना झाकतात. पुढे एक-दोन महिने दोन्हीकडे नोंद करावी.

सगळा जुना इतिहास नेलाच पाहिजे असेही नाही. वर्षे फार असतील तर १ एप्रिलची आरंभीची शिल्लक टाकून नवा हिशेब सुरू करावा आणि मागची वर्षे पीडीएफ व कागदावर जपावी. ज्या खात्यात दुसऱ्याचा हक्क आहे, अमानत, उसनवार, भागीदारी, ते मात्र पहिल्या नोंदीपासून पूर्ण न्यावे.

दुकानाच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात असावी. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणाच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात, आणि अपील किंवा चौकशी चालू असेल तर त्याहूनही पुढे. टॅली बदलले, संगणक बदलला, तरी ही जबाबदारी आपल्यावरच राहते. म्हणून जुनी फाईल उघडू शकणारा एखादा संगणक तेवढा काळ जवळ असावा.

मोबाइल ॲपविषयी दोन शब्द

मोबाइलवर हिशेबाची ॲप पुष्कळ आहेत आणि उधारी लिहिण्यास ती सोयीची आहेत. काही ॲप आपले बँकेचे मेसेज वाचून नोंदी आपोआप करतात. ते सोयीचे वाटते, पण त्यासाठी सगळे मेसेज वाचण्याची परवानगी द्यावी लागते. ॲप मोफत असेल तर त्याचा धंदा कशावर चालतो, हे व्यापाऱ्याने तरी विचारले पाहिजे. अनेकदा उत्तर जाहिरात किंवा कर्जविक्री असे निघते. वापरावयाचेच असेल तर महिन्याला एकदा त्यातली माहिती सीएसव्ही किंवा पीडीएफ करून बाहेर काढावी. रोख उधारी आणि हातउसने हे कोणत्याही मेसेजमध्ये येत नाही; ते आपल्यालाच लिहावे लागते.

प्रती किती आणि कोठे?

ग्नूकॅश प्रत्येक वेळी साठविताना जुनी प्रत तारीख-वेळेसह बाजूला ठेवतो. पण त्या सगळ्या एकाच संगणकात असतात. तो गेला की सगळ्या जातात. म्हणून आठवड्याला एक प्रत पेनड्राइव्हवर आणि महिन्याला एक प्रत दुसऱ्या घरी, भावाकडे किंवा मुलीकडे ठेवावी. वर्षातून एकदा सर्व खात्यांचा उतारा कागदावर छापून सही-तारखेसह फाईलला लावावा. ज्याची अमानत आपल्याकडे आहे त्याला त्याच्या खात्याचा उतारा द्यावा आणि त्याची सही घ्यावी. दोघांकडे एकच आकडा असला की भांडणाला जागाच राहत नाही.

आमच्या घरी शेवटी काय झाले, तेही सांगतो. आपांच्या वहीतला १,३८,००० हा आकडा मी मान्य केला, राहिलेली नोंद केली आणि ती रक्कम त्यांच्याच नावाने बँकेत खाते उघडून त्यात भरली. खरे तर हे २०१४ सालीच करावयास हवे होते. आपांनी वहीत शेवटची ओळ लिहिली, खाली दोघांनी सही केली. मग त्या म्हणाल्या, "तुझ्या संगणकातही लिही. पण माझी वही मी फेकणार नाही."

मीही त्यांना ती फेकू देणार नाही. नवा प्रोग्राम बसविल्यापासून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी सर्व खात्यांचा उतारा साध्या फाईलमध्ये काढतो आणि ती दुकानातल्या संगणकावर उघडून पाहतो. पाच मिनिटांचे काम आहे. आपण ज्या प्रोग्राममध्ये आज हिशेब ठेवता, त्यातून असा उतारा निघतो की नाही, हे आजच दुकान बंद करण्यापूर्वी एकदा करून पाहावे. निघत नसेल, तर संगणक बदलण्याची वाट पाहू नये.